सगळंच हलत असताना भूकंप मोजायचा कशाच्या आधारावर?

प्रश्न असा आहे: भूकंपात जमीन हलते, तिच्यावरची इमारत हलते, इमारतीतलं टेबल हलतं आणि टेबलावरचं यंत्रही हलतं. मग ते यंत्र जमिनीची हालचाल मोजतं ती कशाच्या तुलनेत? आणि ही यंत्रं आजवर कशी बदलत आली?

भूकंपमापक बसवणं, त्यांची निगा राखणं आणि त्यांनी काढलेले आलेख वाचणं यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. या विषयाचा सगळा गाभा प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागात आहे. माझ्या मते या यंत्रांचा इतिहास म्हणजे एक न हलणारा बिंदू मिळवण्याची धडपड आहे. आणि गंमतीची गोष्ट अशी की तो बिंदू मिळवण्याचा हट्ट सोडला तेव्हाच यंत्रं खऱ्या अर्थाने चांगली झाली.

आधी एक छोटा प्रयोग करा. एक जडसा गोळा किंवा कुलूप अर्ध्या हाताच्या दोरीला बांधा आणि दोरीचं वरचं टोक धरून ते लोंबकळत ठेवा. आता हात पटापट, अगदी थोडासा, डावीकडे-उजवीकडे हलवा. कुलूप जवळजवळ जागचं हलत नाही. हाच तुमचा स्थिर बिंदू. जडत्वामुळे वस्तू आहे त्या जागी राहू पाहते, आणि हात म्हणजे जमीन तिच्याभोवती हलते. कुलपाला पेन्सिल लावली आणि हाताबरोबर हलणारा कागद तिच्याखाली धरला, तर जमिनीची हालचाल कागदावर उमटेल.

आता हात अगदी सावकाश एका बाजूला न्या. कुलूप मुकाट्याने हाताबरोबर येतं. कागदावर काहीच उमटणार नाही. आणि तिसऱ्यांदा हात अशा लयीत हलवा की ती कुलपाच्या स्वतःच्या झोक्याशी जुळेल. कुलूप वेड्यासारखं झुलायला लागतं, हाताच्या कितीतरी पट. हात थांबवला तरी ते थांबत नाही.

या तीन निरीक्षणांत भूकंपमापकाच्या सगळ्या अडचणी आल्या. लंबकाच्या दोलनकाळापेक्षा, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेपेक्षा, जलद हालचाल असेल तर वस्तुमान स्थिर राहतं आणि विस्थापन थेट मिळतं. हालचाल त्यापेक्षा संथ असेल तर वस्तुमान जमिनीबरोबर जातं, आणि जो थोडासा फरक उरतो तो जमिनीच्या त्वरणाच्या प्रमाणात असतो. आणि दोन्ही जुळले की यंत्र जमिनीबद्दल सांगायचं सोडून स्वतःचाच झोका लिहीत बसतं.

मग दोलनकाळ भरपूर मोठा ठेवावा, म्हणजे संथ हालचालीही सापडतील, हा सरळ उपाय. पण एका सेकंदाचा दोलनकाळ हवा तर दोरी सुमारे २५ सेंटीमीटर पुरते, आणि वीस सेकंदांचा हवा तर ती जवळजवळ १०० मीटर लागते, कारण लांबी दोलनकाळाच्या वर्गाप्रमाणे वाढते. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या पृष्ठीय लहरींचा आवर्तकाळ वीस सेकंदांच्या आसपासच असतो. शंभर मीटर उंच लंबक टांगणार कुठे? एकोणिसाव्या शतकातल्या यंत्रकारांची बरीचशी बुद्धी या एका अडचणीवर खर्च झाली.

आता इतिहासाकडे वळतो. सुरुवात नेहमी चीनपासून केली जाते आणि ते योग्यच आहे. इसवी सन १३२ मध्ये हान दरबारातल्या झांग हेंग या विद्वानाने कांस्याचं एक मोठं भांडं तयार केलं. भांड्याभोवती आठ दिशांना आठ ड्रॅगन, प्रत्येकाच्या तोंडात एक गोळी आणि खाली तोंड वासून बसलेला बेडूक. धक्का आला की एका ड्रॅगनच्या तोंडातली गोळी बेडकाच्या तोंडात पडायची. एकदा गोळी पडली पण राजधानी लुओयांगमध्ये कोणालाच धक्का जाणवला नाही, लोकांनी शंका घेतली, आणि काही दिवसांनी पश्चिमेकडच्या लोंगशी भागातून भूकंपाची बातमी घेऊन दूत आला, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथात आहे. भांड्याच्या आत नेमकं काय होतं ते कोणी पाहून लिहून ठेवलेलं नाही. मधोमध एक खांब होता एवढाच उल्लेख सापडतो. आज संग्रहालयांत दिसतात त्या सगळ्या प्रतिकृती आधुनिक अभ्यासकांच्या तर्कावर उभ्या आहेत. गोळी नेमकी भूकंपाच्या दिशेचीच पडायची, हा दावा मला तांत्रिकदृष्ट्या पटत नाही. लहरीचा पहिला धक्का जमिनीला स्रोताकडे ओढणारा असू शकतो किंवा स्रोतापासून ढकलणारा, आणि नंतर येणाऱ्या जोरकस लहरी तर आडव्याच हलवतात. तरीही माणसाला न जाणवणारी हालचाल वस्तूला जाणवू शकते आणि ती खूण मागे ठेवू शकते, हा विचार त्यात आहे आणि तो फार मोठा आहे.

या प्रकारच्या यंत्राला भूकंपदर्शक म्हणावं. काहीतरी झालं एवढं ते सांगतं. युरोपात अठराव्या शतकात, विशेषतः इटलीत, अशी बरीच साधनं झाली. काठोकाठ भरलेल्या पाऱ्याच्या भांड्यातून पारा कोणत्या बाजूला सांडला ते पाहायचं, लंबकाच्या टोकाने वाळूत किती रेघ ओढली ते पाहायचं. १८५६ मध्ये लुइजी पाल्मिएरी यांनी व्हेसुव्हियसवरच्या वेधशाळेसाठी जे यंत्र केलं त्यात पाऱ्याच्या वाकड्या नळ्या होत्या. पारा हिंदकळला की विद्युत मंडल पूर्ण व्हायचं आणि घड्याळ थांबायचं. मला हे यंत्र महत्त्वाचं वाटतं ते पाऱ्यामुळे नव्हे, घड्याळामुळे. भूकंप किती वाजता आला हे माणसाच्या आठवणीवर न सोपवता यंत्रावर सोपवलं गेलं.

त्याच काळात आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅलेट जमिनीत बारूद उडवून लहरींचा वेग मोजत होते. लहर आली हे ओळखायला त्यांनी पाऱ्याच्या पृष्ठभागावर पडलेलं प्रतिबिंब वापरलं होतं. ते प्रतिबिंब थरथरलं की वेळ नोंदवायची. त्यांना मिळालेले वेग फारच कमी निघाले. पुढे १८७६ च्या सुमारास अमेरिकेत हेन्री ॲबट यांनी मोठ्या सुरुंगांच्या वेळी अधिक विवर्धनाच्या दुर्बिणीतून पाऱ्याकडे पाहिलं, तर वेग बरेच जास्त आले. खडक तोच असला तरी मंद यंत्राला पहिली बारीक लहर दिसतच नाही, ते दुसरी-तिसरी मोठी लहर पहिली समजतं. हा धडा आजही रोज कामाला येतो. एखादं केंद्र सतत ‘उशीर’ दाखवत असेल तर मी आधी तिथली संवेदनशीलता तपासतो, खडकाबद्दल नंतर बोलतो.

खरा भूकंपलेखक, म्हणजे काळाबरोबर हालचालीची अखंड रेघ काढणारं यंत्र, १८७५ मध्ये फिलिप्पो चेक्की यांनी इटलीत केलं. पण ते फार बोथट होतं. वळण आलं ते जपानमध्ये. जपान सरकारने शिकवायला बोलावलेले तीन ब्रिटिश प्राध्यापक, जॉन मिल्न, जेम्स अल्फ्रेड युइंग आणि थॉमस ग्रे, त्या वेळी तिथे होते. २२ फेब्रुवारी १८८० ला योकोहामाला धक्का बसला आणि त्यानंतर त्याच वर्षी जपानची भूकंपशास्त्र संस्था स्थापन झाली. केवळ भूकंपांसाठी वाहिलेली जगातली ती पहिली संस्था.

शंभर मीटर दोरीची अडचण या मंडळींनी आडव्या लंबकाने सोडवली. त्याची कल्पना कोणत्याही दाराजवळ येईल. चौकट अगदी ओळंब्यात असेल तर दार जिथे सोडाल तिथे राहतं. चौकट किंचित कलली असेल तर दार आपोआप, अगदी सावकाश, एका जागेकडे सरकतं आणि तिथे डुलून थांबतं. कल जितका कमी तितकं डुलणं संथ. वस्तुमान अशा ‘दारा’च्या टोकाला बसवलं की एका टेबलावर मावणाऱ्या यंत्रालाही दहा-वीस सेकंदांचा दोलनकाळ देता येतो. युइंग यांनी काजळी धरलेल्या, सतत फिरणाऱ्या काचेवर या लंबकाची सुई टेकवली. जे उमटलं त्याने सगळ्यांचा अंदाज चुकवला. भूकंप म्हणजे एक-दोन जोरदार हिसके असं लोक समजत होते. प्रत्यक्षात रेघ बारीक थरथरीने सुरू व्हायची, मग वाढायची, दिशा बदलत राहायची, आणि माणसांना सगळं शांत वाटू लागल्यावरही बराच वेळ चालू राहायची. शिवाय घाबरवून सोडणाऱ्या धक्क्यांतही जमीन पुष्कळदा मिलिमीटरच्या हिशेबातच सरकलेली असायची.

यानंतरची घटना मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. जर्मनीत एर्न्स्ट फॉन रेबोयर-पाश्विट्झ हे तरुण संशोधक पॉट्सडॅम आणि विल्हेल्म्सहाफेन इथे अतिशय नाजूक आडवे लंबक ठेवून बसले होते. त्यांना भूकंप मोजायचा नव्हताच. चंद्र-सूर्याच्या ओढीने ओळंबा किती हलतो ते त्यांना पाहायचं होतं. १८८९ च्या एप्रिल महिन्यात दोन्ही ठिकाणच्या नोंदींत एकाच वेळी एक विचित्र खळबळ दिसली. नंतर जपानमधल्या भूकंपाची बातमी वाचताना त्यांनी वेळा जुळवून पाहिल्या आणि लक्षात आलं की ही खळबळ तोच भूकंप होता, सुमारे ९,००० किलोमीटरवरून पृथ्वीच्या पोटातून आलेला. त्या क्षणी भूकंपमापकाचं काम बदललं. तोवर तो जिथे भूकंप होतात तिथेच ठेवायची वस्तू होता. आता शांत देशातल्या तळघरातूनही अख्ख्या पृथ्वीवर नजर ठेवता येणार होती, आणि वाटेत लहरींनी जे ओलांडलं त्याचीही माहिती मिळणार होती.

ती मिळालीही, फार लवकर. रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाचे युरोपातल्या यंत्रांनी काढलेले आलेख तपासून तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखल्या: आधी येणाऱ्या दाबाच्या पी लहरी, मागून येणाऱ्या आडव्या एस लहरी आणि शेवटी पृष्ठभागावरून येणाऱ्या. १९०६ मध्ये त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. १९०९ मध्ये मोहोरोविचिच यांना कवचाचा तळ सापडला, १९३६ मध्ये इंगे लेहमान यांना गाभ्याच्या आतला गाभा. हे सगळं काजळीच्या आणि फोटोच्या कागदावरच्या रेघांतून. भूकंपाचं अंतर काढायची युक्तीही याच फरकावर चालते. जवळच्या भूकंपात पी आणि एस यांच्यात जितक्या सेकंदांचा फरक असेल त्याला साधारण आठने गुणलं की किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. आलेख समोर आला की आजही माझं डोकं आधी हा गुणाकार करतं, संगणकाचं उत्तर नंतर पाहतं.

मात्र आरंभीच्या यंत्रांना दोन दुखणी होती. पहिलं, झोका थांबत नसे. एक धक्का येऊन गेला तरी लंबक झुलत राहायचा आणि पुढची लहर त्या झुलण्यात बुडून जायची. गॉटिंगेनचे एमिल वीखर्ट यांनी १८९८ च्या सुमारास लंबकाला हवेच्या दट्ट्याचा लगाम घातला. याला अवमंदन म्हणतात. ते नेमकं किती असावं यात कसब आहे. फार कमी असेल तर यंत्र स्वतःच गात बसतं, फार जास्त असेल तर सुस्त होतं. साधारणपणे झोका जेमतेम मोडेल त्या मर्यादेच्या सात दशांश इतकं अवमंदन आम्ही ठेवतो.

दुसरं दुखणं घर्षणाचं. सुईला काजळीतून रेघ ओढायला जोर लागतो, आणि तरफांनी हालचाल शेकडो पट मोठी केली की तो जोर वस्तुमानावर तितकाच पट उलटा येतो. त्याला पुरून उरायचं तर वस्तुमान प्रचंड हवं. म्हणून वीखर्ट यांचे उलटे लंबक हजार किलोचे असत, आणि गॉटिंगेनमध्ये त्यांनी उभारलेल्या एका यंत्राचं वस्तुमान १७ टन होतं. लोकांना वाटतं, पृथ्वी मोजायची म्हणून एवढं वजन. खरं तर ते वजन एका बारीक सुईशी झगडण्यासाठी होतं. काजळीच्या कागदांचं कामही नाजूक. दिव्याच्या धुरावर कागद फिरवून काळा करायचा, ड्रमवर चढवायचा, दुसऱ्या दिवशी हात न लावता उतरवून लाखेच्या पातळ द्रावणात बुडवायचा, म्हणजे रेघ पुसत नाही. मी असे जुने कागद हाताळले आहेत. शंभर वर्षांपूर्वीची रेघ आजही केसासारखी स्पष्ट दिसते.

ती सुईच काढून टाकली रशियाच्या बोरिस गॅलिट्सिन यांनी, १९०६ च्या सुमारास. वस्तुमानाला तारेचं वेटोळं लावलं आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलं. जमीन हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, ती गॅल्व्हनोमीटर या बारीक वीज दाखवणाऱ्या उपकरणाच्या आरशाला वळवते आणि आरशावरून परतलेला प्रकाशाचा किरण फोटोच्या कागदावर रेघ काढतो. किरणाला घर्षण नाही. संवेदक आणि नोंद करणारा भाग आता वेगवेगळ्या खोल्यांत ठेवता येऊ लागले, आणि वस्तुमान हलकं झालं तरी चाललं. किती हलकं? १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात वुड आणि अँडरसन यांनी केलेल्या यंत्रात ताणलेल्या तारेला चिकटवलेला तांब्याचा एक छोटा दंडगोल होता, वजन अवघं ०.७ ग्रॅम. १७ टनांवरून एका ग्रॅमच्या आत.

रिश्टर स्केल इथेच येते. ते कुठलं यंत्र नव्हे. १९३५ मध्ये चार्ल्स रिश्टर यांनी वुड-अँडरसन यंत्राच्या आलेखावरून भूकंपाचं मान काढायची रीत घालून दिली: १०० किलोमीटर अंतरावर या यंत्राची रेघ १ मिलिमीटर हलली तर भूकंप ३ मानाचा. रेघ दहापट हलली की मान एकाने वाढतं आणि बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे ३२ पटींनी. यंत्राचं विवर्धन २,८०० पट असल्याचं त्या काळी धरलं होतं. अनेक दशकांनी तपासल्यावर ते २,०८० च्या आसपास निघालं. आणि या यंत्राचा दोलनकाळ ०.८ सेकंद असल्याने फार मोठ्या भूकंपांची संथ ताकद त्याला पकडताच येत नाही. सातच्या आसपास आकडा वाढायचा थांबतो, भूकंप कितीही मोठा असो. म्हणून १९७९ पासून हँक्स आणि कानामोरी यांचं मोमेंट मॅग्निट्यूड रूढ झालं, जे तुटलेल्या भेगेचं क्षेत्रफळ, सरकण्याचं अंतर आणि खडकाचा ताठपणा यांवरून ठरतं. आज बातमीत मोठ्या भूकंपापुढे ‘रिश्टर’ लिहिलेलं असतं तेव्हा आकडा बहुतेक वेळा या दुसऱ्या रीतीचा असतो.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अणुचाचण्यांवर नजर ठेवण्याच्या गरजेतून जगभर सुमारे १२० ठिकाणी एकसारखी यंत्रं बसवली गेली. यंत्र तेच, घड्याळाची शिस्त तीच आणि नोंदी सर्वांना खुल्या. भूपट्टांच्या सीमा नकाशावर ठळक उमटल्या त्या याच नोंदींतून. त्या जाळ्यात प्रत्येक केंद्रावर दोन प्रकारचे संच असत, एक जलद लहरींसाठी, एक संथ लहरींसाठी, आणि मधली जागा मुद्दाम सोडलेली. कारण पाच ते आठ सेकंदांच्या पट्ट्यात पृथ्वी कधीच गप्प नसते. समुद्रावर समोरासमोरून येणाऱ्या लाटा एकमेकींना भिडल्या की तळावर दाबाचे ठोके बसतात, लाटांच्या दुप्पट वारंवारतेने, आणि ते खंडाच्या मध्यापर्यंत पोहोचतात. फोटोच्या कागदावर ही घरघर सगळं झाकून टाकायची. तेव्हा तो पट्टा गाळून टाकणं हाच शहाणपणा होता.

आता मूळ धाग्याकडे येतो. १९७० च्या दशकात यंत्रकारांनी एक निराळाच विचार अमलात आणला. वस्तुमान स्थिर ठेवायची खटपट करू नका. त्याला चौकटीबरोबर हलायला भाग पाडा, आणि त्यासाठी किती जोर लावावा लागला तो मोजा.

तागडीची आठवण करा. स्प्रिंगच्या वजनकाट्यात स्प्रिंग किती ताणली यावरून वजन वाचतात. स्प्रिंग थकते, तापते, फार ताणली तर बिघडते. तागडीत मात्र काटा मध्यावर आणायला दुसऱ्या पारड्यात किती वजनं घातली ते मोजतात. काटा शेवटी जागच्या जागीच असतो, म्हणून सूक्ष्म आणि भरवशाचं माप मिळतं. नव्या सिस्मोमीटरमध्ये वस्तुमान मध्यावरून किंचितही सरकलं की विद्युत संवेदक ते टिपतो आणि वेटोळ्यातून लगेच एवढी वीज सोडली जाते की वस्तुमान परत मध्यावर यावं. ती वीज हेच मोजमाप. वीलांट आणि स्ट्रेकायझेन यांच्या एसटीएस-१ या यंत्राने या पद्धतीवर सहा मिनिटांपर्यंतच्या आवर्तकाळाच्या लहरी टिपायला सुरुवात केली. आता एकाच यंत्रात जलदही सापडतं आणि संथही, आणि समुद्राची घरघर गाळायचीही गरज उरली नाही, कारण अंकीय नोंदीत ती बाजूला काढता येते. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या संकेतातलं गुणोत्तर एकास एक कोटीपर्यंत जातं. काजळीच्या कागदाला काही शेकड्यांची मर्यादा होती.

शांत खडकावर अशा यंत्राला एका सेकंदाच्या आसपास नॅनोमीटरच्या पातळीवरची हालचाल दिसते. दुसऱ्या टोकाला, महाभूकंपानंतर अख्खी पृथ्वी घंटेसारखी निनादते तेही दिसतं. या निनादाचा सर्वांत संथ सूर सुमारे ५४ मिनिटांचा आहे आणि तो १९६० च्या चिलीतल्या ९.५ मानाच्या भूकंपानंतर पहिल्यांदा खात्रीने नोंदला गेला.

पण इतकं संवेदनशील यंत्र जवळच्या मोठ्या भूकंपात आंधळं होतं. त्याची मर्यादा ओलांडली की आलेखाचे माथे सपाट होतात. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये हेच घडलं. देशातली ब्रॉडबँड, म्हणजे जलद-संथ दोन्ही लहरी टिपणारी, यंत्रं मर्यादेबाहेर गेली, पहिल्या मिनिटांत मान ७.९ धरलं गेलं, आणि त्यावरून त्सुनामीच्या उंचीचा पहिला अंदाज कमी निघाला. प्रत्यक्ष मान ९ च्या घरात होतं. म्हणून जोरदार हालचालींसाठी वेगळे त्वरणमापक लागतात. त्यांची परंपरा १९३३ च्या लाँग बीच भूकंपापासूनची, आणि १९४० ची एल सेंट्रोची नोंद तर इमारतींचे अभियंते अनेक दशकं वापरत आले. २००८ मध्ये जपानच्या इवाते-मियागी भूकंपात एका केंद्रावर गुरुत्वाच्या सुमारे चौपट त्वरण नोंदलं गेलं. असे आकडे मिळाले ते केवळ तिथे बोथट पण दणकट यंत्र होतं म्हणून. चांगल्या केंद्रावर आज दोन्ही शेजारी शेजारी असतात, आणि मोठ्या भूकंपात सरकणं मोजायला जीपीएसही.

यंत्र कितीही उत्तम असलं तरी माणसाची चूक ते निमूटपणे नोंदवतं. एका केंद्रावर पूर्व-पश्चिम घटकाच्या तारा उलट्या जोडलेल्या होत्या आणि कित्येक वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दूरच्या एका मोठ्या भूकंपाचा आलेख शेजारच्या केंद्राच्या आलेखावर ठेवला तेव्हा एकाचा डोंगर दुसऱ्याची दरी होता. त्या काळातल्या नोंदींवरून काढलेली पहिल्या धक्क्याची दिशा सगळी पुन्हा तपासावी लागली. उत्तर दिशा चुंबकसूचीने ठरवताना जवळचं लोखंड विसरणं ही दुसरी नेहमीची चूक. आणि घड्याळ! एका सेकंदाची चूक म्हणजे कवचातल्या पी लहरीसाठी सुमारे सहा किलोमीटरची चूक. पूर्वी रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी रोज घड्याळ जुळवून फरक वहीत लिहावा लागे. उपग्रहांची वेळ मिळू लागली तेव्हा जुन्या लोकांच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं ते मी पाहिलं आहे.

एक अडचण मात्र अजून पुरती सुटलेली नाही. आडव्या दिशेचा सिस्मोमीटर जमीन सरकली की कलली यात फरक करू शकत नाही. जमीन किंचित कलली तर गुरुत्वाचा छोटासा भाग वस्तुमानाला बाजूला ओढतो आणि यंत्राला ते त्वरणच वाटतं. ऊन चढलं, हवेचा दाब बदलला, कोणी शेजारच्या खोलीत चालत गेलं, तरी संथ पट्ट्यात आडवे घटक भरकटतात, उभा घटक मात्र शांत राहतो. म्हणून यंत्रं जमिनीखाली, शक्य तर खोल छिद्रात, बसवतात. जमिनीचं फिरणं स्वतंत्रपणे मोजणारी लेझर वलयं काही वेधशाळांत आहेत, पण ती मोठी आणि महाग असल्याने सर्वत्र बसवता येत नाहीत.

आणि सर्वांत अलीकडे आलेल्या एका पद्धतीत तर वस्तुमानच नाही. तिचं बीज ह्यूगो बेनिऑफ यांच्या १९३० च्या दशकातल्या यंत्रात होतं. सुमारे २० मीटर अंतरावर दोन खांब, एका खांबाला दुसऱ्याच्या अगदी जवळ पोहोचणारी नळी, आणि मधल्या फटीचं मोजमाप. लहर जाताना दोन खांबांतलं अंतर बदलतं, बस्स तेवढंच मोजायचं. स्थिर बिंदूची गरजच नाही, जमिनीच्या एका भागाची तुलना शेजारच्या भागाशी होते. आता हेच काम जमिनीत किंवा समुद्रतळावर पुरलेली काचतंतूची केबल करते. लेझरचे स्पंद केबलमध्ये सोडले की काचेतल्या सूक्ष्म असमानतांवरून थोडा प्रकाश परत येतो. केबल कुठे किंचित ताणली तर तिथल्या परतणाऱ्या प्रकाशाची कला, म्हणजे त्याच्या लहरीचा टप्पा, बदलते. दहा-दहा किलोमीटरच्या केबलवर काही मीटरांवर एक असे हजारो मोजबिंदू मिळतात. समुद्रतळावर, जिथे एकेक यंत्र उतरवणं जिकिरीचं असतं, तिथे याचा उपयोग फार मोठा आहे.

पण केबलला फक्त तिच्या लांबीच्या दिशेचा ताण कळतो. ती मातीत कुठे घट्ट बसली आहे आणि कुठे सैल पडली आहे त्यावर संकेताचा जोर बदलतो, आणि मिळतो तो ताण, जमीन किती हलली ते नव्हे. म्हणून अशी केबल कामाला लावताना तिच्याशेजारी निदान एक नेहमीचा, वस्तुमान असलेला सिस्मोमीटर बसवतात आणि केबलचे आकडे त्याच्याशी ताडून घेतात.